तायडेभाऊंचा गुडघा

तायडेभाऊंची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पाठीशी. बहारीनमध्ये, गुदैबियातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट त्या दिवशी बंद होती. ती चालू असेल तो दिवस लक्षात ठेवायचा असतो, हे मला पुढे कळलं. दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन मी चौथ्या मजल्याकडे निघाले होते आणि वरून एक रुंद पाठ खाली येत होती. कठडा धरून, तोंड वरच्या बाजूला ठेवून, एकेक पायरी चाचपत तो माणूस उलटा उतरत होता. एखादा नवसबिवस असेल म्हणून मी भिंतीला चिकटून उभी राहिले. पाठ माझ्यापाशी येऊन थांबली आणि म्हणाली, "या, या तुम्ही बिनधास्त. चौथ्या माळ्यावर नवीन आले ना? जय भीम."

मी नमस्कार म्हटलं, तोही पाठीलाच. चेहरा दिसला तो मी चार पायऱ्या वर गेल्यावर. उन्हाने रापलेला, गोल, मिशीतल्या मिशीत हसणारा. मी न विचारताच त्यांनी खुलासा केला, "सरळ उतरलं तं गुडघा दुखते. उलटं उतरलं तं नाही. डॉक्टर म्हन्ते, असं होत नाही. आता दुखते कोनाले, मले का डॉक्टरले?"

देविदास तायडे मूळचे दर्यापूरकडचे. बहारीनमध्ये बावीस वर्षं काढलेली, वय त्रेपन्न, इमारतींच्या गच्च्यांवरची एसीची मोठी यंत्रं सांभाळणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. ही झाली पोटापाण्याची माहिती. खरे ते कॅचर होते. त्यांच्या शाळेत पीटीच्या एका सरांनी कुठून तरी बेसबॉलचं सामान आणलं, आणि सगळी मुलं क्रिकेटमागे धावत असताना हा एक पोरगा तोंडाला जाळी बांधून जमिनीवर बसला. तो राज्याच्या संघापर्यंत गेला. त्यांच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्या संघाचा फोटो होता. त्यात सगळे उभे आणि हे एकटे उकिडवे बसलेले. फोटो काढतानाही का बसलात, असं मी विचारलं होतं. तर म्हणाले, कॅचर उभा राहिला तर त्याला ओळखणार कोण?

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही नव्हता. बॅट घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या मागे कॅचर उकिडवा बसतो. समोरून येणारा चेंडू झेलायचा, कुठला चेंडू टाकायचा ते बोटांनी खुणावायचं, आणि चेंडू पुढ्यात पडला की ताडकन उठून तो उचलून फेकायचा. एका सामन्यात दीडशे वेळा बसायचं आणि उठायचं. तायडेभाऊ हे पस्तीस वर्षं करत होते. गुडघ्याने तक्रार केली यात त्याचा काही दोष होता असं मला वाटत नाही.

अरादच्या पुढे एका मोकळ्या वाळूच्या मैदानावर शुक्रवारी सकाळी सामने होत. ऊन चढायच्या आत आणि दुपारच्या नमाजाआधी खेळ आवरायचा, असा नेम. विमानतळ जवळच असल्याने विमानं डोक्यावरून इतकी खालून जात की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. मग तायडेभाऊ चेंडू हातात उंच धरून सगळ्यांना थांबवत आणि विमानाकडे बघून "मुंबईचं आलं" असं जाहीर करत. ते मुंबईचंच असतं का, हे कुणी तपासलं नाही. संघात त्यांच्या कंपनीतले सात-आठ जण होते आणि माणूस कमी पडतो म्हणून घेतलेला माझा नवरा श्रीकांत. त्याला मैदानाच्या उजव्या टोकाला उभं करत, जिथे चेंडू सहसा जात नाही. गेलाच तर आमची रेवा डबा खाता खाता मान वर न करता सांगे, "आई, बाबा ड्रॉप्ड इट अगेन." मी बँकेत नोकरी करते, म्हणजे मला लिहिता-वाचता येतं, एवढ्या आधारावर तायडेभाऊंनी स्कोअरची वही माझ्या हाती दिली होती.

समोरचा संघ फिलिपिनो मंडळींचा. त्यांचा कॅप्टन रोमी. हा रोमी मनामातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होता, आणि तायडेभाऊंचा गुडघा दर रविवारी संध्याकाळी त्याच्याच हाताखाली असे. रविवारी रोमीने जो गुडघा चोळून, ताणून, शेकून जरा बरा करायचा, तोच शुक्रवारी त्याच्याच संघाविरुद्ध बसून तायडेभाऊंनी पुन्हा बिघडवायचा. दोघांचं मेतकूट असं की विचारू नका. रोमी त्यांना 'कुया' म्हणे. त्यांच्याकडे थोरल्या भावाला तसं म्हणतात.

त्या गुडघ्यावर केवळ रोमीच उपचार करत होता असं नाही. दर्यापूरहून येणारं एक हिरवं तेल होतं, केरळच्या सहकाऱ्याने दिलेलं एक काळं तेल होतं, आणि एका बहारिनी शेजाऱ्याने दिलेला कसलासा डिंक होता, तो लावायचा की खायचा हे शेवटपर्यंत नक्की झालं नाही. "माहा गुडघा आता इंटरनॅशनल झाला, वयनी," असं ते अभिमानाने सांगत. त्यांच्या बायकोने, शीलावहिनींनी, जुन्या लुगड्यांच्या घड्या शिवून एक पट्टा केला होता, तो ते पँटच्या आत बांधत. वहिनी शिवत होत्या, तेल गरम करून देत होत्या आणि मनातल्या मनात जळत होत्या. कारण डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. गुडघ्यातली गादी झिजली आहे, ऑपरेशन करून घ्या आणि बसणं बंद करा. असंच रेटलं आणि आतला स्नायू तुटला, तर शिडी चढता येणार नाही. आणि शिडी चढता येत नसलेला सुपरवायझर कंपनी कशाला ठेवील? व्हिसा नोकरीवर, घर व्हिसावर, आणि पुण्यात इंजिनीअरिंगला असलेल्या मुलाचं शेवटचं वर्ष राहिलेलं. वहिनींचा हिशोब सरळ होता. नोकरी हवी असेल तर खेळ सोडायचा.

तायडेभाऊंचाही हिशोब सरळच होता. ते म्हणत, मी खेळ सोडायला तयार आहे, पण मला कुणी हरवल्याशिवाय नाही. आणि हरवणं म्हणजे काय, तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. बेसबॉलमध्ये बंट नावाचा एक प्रकार असतो. चेंडू फटकवायचा नाही, बॅट नुसती आडवी धरायची आणि चेंडू कॅचरच्या पुढ्यात टपकवून पहिल्या बेसकडे, म्हणजे पहिल्या ठाण्याकडे, पळत सुटायचं. तो कॅचरने झडप घालून उचलून, पळणारा पोचायच्या आत तिथे फेकायचा असतो. "ज्या दिवशी माह्यासमोर बंट टाकून कोनी पहिल्या बेसवर पोचन, त्या दिवशी खलास," असं त्यांनी वहिनींना वचन दिलं होतं. "अन् सगळ्यात आधी तुलेच सांगीन." वहिनी बिचाऱ्या दर शुक्रवारी दुपारी दार उघडताना त्यांच्या तोंडाकडे बघत आणि आज कुणी टाकला का म्हणून विचारत. कुणी टाकलेला नसे.

त्यांच्या खुणांविषयी सांगायलाच हवं, कारण त्यापायी आमची अख्खी बँक एकदा घामाने निथळली होती. गच्चीवर त्या यंत्रांचा आवाज एवढा असतो की ओरडून उपयोग नसतो. त्यामुळे तायडेभाऊंनी आपल्या सगळ्या टेक्निशियनना कॅचरसारख्या खुणा शिकवल्या होत्या. उजवा कान ओढला की चालू ठेव. टोपीला हात लावला की दाब बघ. दोन बोटं दाखवली की चहा सांग. आणि डाव्या गुडघ्यावर हात ठेवला की बंद कर. घरीही तेच. पाहुणे बसलेले असताना भाऊंनी टोपीला हात लावला तर वहिनी उठून कुकर बघून येत.

तर एका जुलैच्या दुपारी, आमच्या बँकेच्या इमारतीच्या गच्चीवर, नवं हिरवं तेल लावून ते उभे होते. तेलाने गुडघा खाजायला लागला. त्यांनी खाजवला. पलीकडच्या टोकाला तीन आठवड्यांपूर्वी कामाला लागलेला बिजू उभा होता. अतिशय आज्ञाधारक माणूस. त्याने यंत्र बंद केलं. भाऊ घाबरून दोन्ही हात हलवायला लागले. ही खूण बिजूला शिकवलेली नव्हती, म्हणून त्याने पुन्हा त्यांच्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात खाज पुन्हा आली. बिजूने दुसरंही यंत्र बंद केलं.

अकराव्या मजल्यावर आम्ही फायलींनी वारा घेत बसलो होतो. आमचे बहारिनी मॅनेजर खिडकीशी जाऊन इंशाल्ला, इंशाल्ला म्हणत होते. पाऊण तासाने तायडेभाऊ स्वतः खाली आले, सगळ्यांसमोर उभे राहिले आणि त्या नव्या माणसाचा काही दोष नाही, त्याने खूण बरोबर वाचली, असं सांगून गेले. कंपनीला द्यायच्या रिपोर्टात त्यांनी बंद पडण्याचं कारण म्हणून 'डावा गुडघा' असं लिहिलं होतं. तो रिपोर्ट त्यांच्या कंपनीत अजून कुणीतरी जपून ठेवला आहे म्हणतात.

आता मी केलेल्या घोळाकडे येते. त्या हिवाळ्याच्या शेवटी, हंगामातला एकच सामना उरला असताना, एका संध्याकाळी मी वही घेऊन तायडेंकडे गेले होते. वर्षभराची बेरीज करायची होती. वहिनींनी चहा टाकला होता, भाऊ पाय उशीवर ठेवून बसले होते. पानं उलटताना माझ्या लक्षात आलं की बंटसाठी मी जी खूण करते, ती रोमीच्या संघाच्या पानांवर कुठेच नव्हती. मागच्या वर्षीच्या वहीतही नव्हती. इतर संघांविरुद्ध खेळताना मात्र तीच माणसं सर्रास बंट टाकतात, हे मी मैदानावर पाहिलं होतं. मला केवढं कौतुक वाटलं. मी म्हटलं, "भाऊ, वचक असावा तर असा. दोन वर्षांत रोमीच्या माणसांनी तुमच्यासमोर एकदाही बंट टाकलेला नाही."

भाऊंनी हात पुढे केला. मी वही दिली. त्यांनी एकेक पान बोट ठेवून पाहिलं, मग मागच्या वर्षीची वही मागितली. मिशीतलं हसू गेलं होतं. मला अजून काही कळलेलं नव्हतं. कळलं ते वहिनींना. चहाची किटली हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "म्हंजे तुम्ही दोन वर्षांपासून आउट हाय."

भाऊंनी वही मिटली. मी आयुष्यात इतका गरम चहा इतक्या घाईने कधी प्यायले नव्हते. घरी येऊन श्रीकांतला सांगितलं, तर तो म्हणाला की हे संघात सगळ्यांनाच माहीत होतं. मला का नाही सांगितलंत, असं विचारल्यावर म्हणाला, "तू भाऊंना सांगशील म्हणून."

पुढे जे झालं ते मला भाऊंनीच सांगितलं. रविवारी ते रोमीकडे गेले आणि नेहमीसारखे पालथे झोपले. काय झालं म्हणून रोमीनेच विचारलं. भाऊंनी वहीचं सांगितलं. रोमी बराच वेळ त्यांचा गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, कुया, मी तुझा एमआरआय पाहिला आहे, पाहिल्यावर कसा टाकू? संघातल्या सगळ्यांना त्यानेच सांगून ठेवलं होतं. तायडेभाऊ उठून बसले. रोमीशी ते आपल्या खास हिंदी-इंग्रजीत बोलत, पण मला त्यांनी ते वऱ्हाडीतच सांगितलं, "मी म्हनलं, बाबू, गुडघा तुह्याकडं दुरुस्तीले देला. खेळ नाही देला. खेळ माहा हाय. तू माह्यावर दया केली अन् मी लेकाचा दोन वर्षं घरी जाऊन बायकोपुढं मिशीले पीळ मारून राह्यलो."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं, आणि रोमीचाही राग येईना. दोघांपैकी चूक कुणाची म्हणावी ते मला अजून कळलेलं नाही.

हंगामातला शेवटचा सामनाही रोमीच्या संघाशीच होता. भाऊंनी त्याला निक्षून सांगितलं होतं की या वेळी बंट आलाच पाहिजे. त्या शुक्रवारी शीलावहिनी पहिल्यांदाच मैदानावर आल्या. छत्री, थर्मास, चिवड्याचा डबा, आणि पिशवीत तेलाच्या दोन्ही बाटल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्या कुणी बॅट घेऊन आला की विचारत, "हा टाकते का?" मला काय माहीत. आला तो माणूस चेंडू फटकवून मोकळा होत होता. भाऊ जाळीच्या आतून काहीतरी पुटपुटत होते. त्या दिवशी विमान आलं तरी त्यांनी कुठलं ते सांगितलं नाही.

शेवटचा डाव आला आणि रोमी स्वतः बॅट घेऊन उभा राहिला. आमचा पहिल्या बेसवरचा खेळाडू रजेवर गावी गेला असल्याने तिथे त्या दिवशी श्रीकांत होता, त्याची मला वेगळीच काळजी. रोमीने एक चेंडू सोडला, दुसरा सोडला. मग भाऊ खालून त्याला काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते रोमीने नंतर सांगितलं. आता टाकला नाहीस तर पुढच्या रविवारपासून मी दुसऱ्या फिजिओकडे जाईन, अशी धमकी होती.

रोमीने बॅट आडवी धरली.

चेंडू टपकन पडला आणि भाऊंच्या पुढे चार-पाच पावलांवर वाळूत थांबला. रोमी पळत सुटला. भाऊ उठले, म्हणजे उजवा पाय उठला, डावा उठला नाही. ते हातांवर पडले. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं. भाऊ तसेच दोन हात आणि एका गुडघ्यावर रांगत गेले, चेंडू उचलला आणि वाळूत बसल्या बसल्या असा फेकला की तो सरळ रेघेत पहिल्या बेसवर गेला. आणि श्रीकांतने तो पकडला. त्याने धड पकडलेला तो पहिला चेंडू, रेवाने डबा खाली ठेवून पाहिलेला. पण रोमीचा पाय एक पाऊल आधी पडला होता.

पंच क्षणभर घुटमळले. एवढ्या फेकीनंतर रोमी पोचला असं म्हणणं कुणाच्याही तोंडून येईना. वाळूत बसलेल्या भाऊंनी तोंडावरची जाळी काढली, दोन्ही हात आडवे पसरले आणि पंचांच्या आधी स्वतःच ओरडून सांगितलं, "सेफ!"

मग त्यांनी मान वळवली. रोमीकडे नाही, आमच्याकडे. छत्रीखाली उभ्या राहिलेल्या वहिनींकडे बघत त्यांनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. खाजवला नाही. नुसता ठेवला आणि ठेवूनच दिला.

संघातल्या सगळ्या एसीवाल्यांना ते कळलं. बिजूने टोपी काढली. वहिनी वाळूतून चालत गेल्या, त्यांच्या शेजारी बसल्या आणि थर्मासमधला चहा ओतून दिला. रोमी पहिल्या बेसवर उभा राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. भाऊच त्याला ओरडून सांगत होते की खेळ संपलेला नाही, बेस सोडू नको. मी पेन्सिल घेऊन वहीवर वाकले होते, पण मला ओळी दिसत नव्हत्या. सामना संपल्यावर भाऊ लंगडत माझ्यापाशी आले आणि पहिलं काही विचारलं असेल तर हे की बंटची खूण नीट केली ना. मी दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली आणि म्हणाले, "आता कसं खेळल्यावानी वाटलं."

ऑपरेशन मे महिन्यात झालं, नोकरी टिकली, शिडी पुन्हा चढता आली. गुडघा बरा झाल्यावरही ते जिना उलटेच उतरत. आता कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, सरळ उतरलं की वरून येणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. पुढच्या हंगामात त्यांना पंच केलं. पंच कॅचरच्या मागे उभा असतो. त्यांना उभं राहायची सवय लागायला दोन महिने गेले. मध्येच उकिडवे बसत आणि दोन्ही संघ मिळून त्यांना उठवत.

आमचा बहारीनचा मुक्काम संपला तो एका शुक्रवारी सकाळी. टॅक्सी खाली उभी होती, लिफ्ट अर्थातच बंद होती. तायडेभाऊ पंचाची टोपी घालून मैदानावर निघाले होते, तरी आमची एक बॅग हिसकावून घेऊन माझ्यापुढे उलटे उतरत राहिले, तोंड माझ्याकडे. चार मजले ते एकसारखे बोलत होते. श्रीकांतने पुण्याला परतल्यावरही सराव सोडू नये, रेवाने मराठीत उत्तरं द्यावीत, मी ती वही रद्दीत घालू नये. खाली आल्यावर त्यांनी बॅग डिकीत ठेवली. मी जय भीम म्हटलं, त्यांनी मान हलवली आणि टॅक्सीचं दार लावलं.

गाडी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापाशी वळताना मी मागे पाहिलं. वहिनी हात हलवत होत्या. तायडेभाऊ रस्त्याच्या मधोमध उभे होते, हात हलवत नव्हते. माझं लक्ष आहे असं दिसल्यावर त्यांनी उजवा कान धरला आणि दोनदा ओढला.